लेहला स्वतःच्या गाडीनं: श्रीनगरमार्गे चढावं की मनालीमार्गे?

आधी आमचं मत सांगतो, मग कारणं. जाताना श्रीनगर–कारगिल, येताना सरचू–मनाली. उलट दिशेनंही लोक दरवर्षी जातात, पण मुलंबाळं किंवा साठीपुढची माणसं गाडीत असतील तर उलटी दिशा धरू नये. दोन्ही रस्ते सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहेत. फरक आहे तो उंचीचा.

श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर, कारगिल २,६७६ वर आणि लेह ३,५०० वर. वाटेत झोजिला (३,५२८) आणि फोटुला (४,१०८) लागतात, पण त्या खिंडी ओलांडून आपण पुन्हा खाली उतरतो आणि रात्र खालीच काढतो. शरीराला फरक पडतो तो मुख्यतः झोपण्याच्या उंचीनं. डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. कारगिलनंतर एक रात्र आल्चीत (सुमारे ३,१००) काढली तर हा नियम जवळजवळ आपोआप पाळला जातो.

मनालीकडून काय होतं पाहा. मनाली २,०५० मीटरवर. तिथून निघून बरेच जण पुढचीच रात्र सरचूच्या तंबूत काढतात, म्हणजे ४,२९० मीटरवर. एका दिवसात २,२०० मीटरची उडी! डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं इथूनच सुरू होतं. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. विरळ हवेच्या त्रासावर खरा इलाज एकच, खाली उतरणं. सरचूहून मागे फिरायचं तर बारालाचा ला ही खिंड (४,८०० च्या वर) चढावी लागते आणि पुढे जायचं तर लाचुंगला (५,००० च्या वर). पुढच्या पांग या मुक्कामी थांबलात तर तेच, शिवाय पांग स्वतःच ४,६०० मीटरच्या आसपास. म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, तर उतरायला वाटच नाही. हे दोन्ही फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागल्याचे संकेत असतात. तेव्हा सकाळची वाट पाहायची नसते.

लेहमध्ये चार-पाच दिवस राहिल्यावर हाच रस्ता सोपा होतो. शरीर तयार झालेलं असतं आणि दिवसाच्या शेवटी आपण खाली जात असतो. पहाटे पाचला लेह सोडून तांगलांगला (५,३२८), मोरे मैदान, गाटा लूप्सची २१ वळणं आणि बारालाचा पार करून थेट जिस्पा (३,२०० च्या आसपास) गाठावं. सव्वातीनशे किलोमीटर, अकरा-बारा तास. मनालीकडूनच चढायचं असेल तर हेच उलटं करा. जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री, मग एका दमात लेह. सरचू फक्त चहापुरतं. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का आणि किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा.

आता महिना. इथे महाराष्ट्रातल्या कुटुंबांची पंचाईत होते. शाळांची सुट्टी मेमध्ये आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, तर मनाली–लेह रस्ता बर्फ किती पडला त्यावर बहुधा मेमध्ये किंवा जूनमध्ये उघडतो. झोजिला अलीकडे बरीच आधी खुली होते. म्हणून मेमध्ये निघणाऱ्यांनी येण्याजाण्याचा बेत श्रीनगरमार्गेच आखावा. मनाली उघडली तर तो बोनस. जूनचा दुसरा पंधरवडा या फेरीसाठी सर्वांत चांगला. जुलै–ऑगस्टमध्ये दोन्ही बाजू अवघड होतात. काश्मीरमध्ये अमरनाथ यात्रेचे ताफे आणि त्यासाठीची वाहतूकबंदी, हिमाचलात मंडी–कुल्लूकडे दरडी.

सुरक्षेचा विचार टाळता येत नाही. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर अनेक मराठी घरांत श्रीनगरचं नाव काढायलाही जीव धजत नाही. ज्यांचं मन होत नसेल त्यांनी मनालीमार्गे, वर सांगितल्याप्रमाणे सावकाश चढावं. जाणाऱ्यांनी आदल्या रात्री वाहतूक पोलिसांची सूचना वाचल्याशिवाय निघू नये. कुठल्या वेळेत कुठल्या दिशेची वाहनं सोडणार, हे त्यातच असतं.

रस्त्याचं म्हणाल तर श्रीनगर बाजूला त्रासाच्या जागा दोन. जम्मूपुढे रामबन–बनिहाल पट्टा, जिथे पाऊस पडला की दरड येते, आणि झोजिलाचा कच्चा घाट. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला, पण तो सोनमर्गच्या अलीकडे आहे. झोजिलाखालच्या बोगद्याचं काम अजून चालू आहे, तेव्हा खिंड चढावीच लागते. चिखल असेल तर समोरच्या ट्रकला डोंगराची बाजू देऊ नका, आपण ती धरून थांबा. कारगिलपासून पुढे लेहपर्यंत रस्ता उत्तम.

मनाली बाजूला २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढावी लागत नाही आणि तिचा परवानाही लागत नाही. अडचण जिस्पाजवळच्या दारचाच्या पुढे, नाल्यांची. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारनंतर गुडघ्याला लागतं. मनालीकडून येणाऱ्याला हे नाले सकाळी मिळतात, लेहकडून येणाऱ्याला दुपारी. आम्ही सुचवलेल्या दिशेचा एवढा एक तोटा आहे. आधी उतरून पाहा, ट्रकची चाकं जातात ती रेघ धरा, पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा. मध्ये क्लच दाबला तर गाडी तिथेच बसते.

इंधनाचा हिशेब मनाली बाजूलाच करावा लागतो. केलाँगच्या अलीकडे तांडीला पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तिथली पाटी प्रसिद्ध आहे. त्या चढांवर छोटी पेट्रोल गाडी लिटरला दहा किलोमीटर धरून चाला, म्हणजे ३६–३७ लिटर. अनेक हॅचबॅकची टाकी तेवढीच असते, तेव्हा दहा लिटरचा धातूचा कॅन बरोबर हवाच. लेहकडून येताना लेहजवळच्या कारूला टाकी काठोकाठ भरा. श्रीनगर बाजूला कारगिलला पंप आहे आणि तो दोन्हीकडून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, त्यामुळे चिंता नाही. फोनसाठी पोस्टपेड सिम घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही.

मैदानातला प्रवास दोन्ही पर्यायांत सारखाच. मुंबई–पुण्याहून अहमदाबाद, अजमेर, अंबाला असे तीन मुक्काम, चौथ्या दिवशी जम्मू किंवा मंडी. नागपूरकरांचं सोपं आहे: घरासमोरचा राष्ट्रीय महामार्ग ४४ झाशी, आग्रा, दिल्ली, जालंधर करत थेट श्रीनगरला जातो. राजस्थान-पंजाबात मे–जूनमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. पहाटे साडेचारला निघून अकरापर्यंत मोठा टप्पा संपवा. टायर फुटतात ते बहुधा जुनं रबर, कमी हवा आणि जास्त ओझं एकत्र आल्यानं. हवा सकाळी गार टायरमध्ये, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी तापून दाब वाढला म्हणून सोडू नका. वर थंडीनं दाब उतरतो आणि बाहेरची हवा विरळ असल्यानं चढतो. हे दोन्ही बरंचसं एकमेकांना फिटतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर निघण्याआधी बदला, कारण त्यात मुरलेलं पाणी उतारावर उकळतं आणि पेडल पोकळ जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

पूर्ण फेरीला, दोन दिवस राखीव धरून, तीन आठवडे लागतात. दोनच आठवडे असतील तर महाराष्ट्रातून गाडी नेऊ नका. उंचीसाठी राखलेले दिवसच आधी कापले जातात. चंदीगडहून गाडी भाड्यानं घेण्याचा पर्याय सुचतो, पण बाहेरची भाड्याची गाडी लेहच्या स्थानिक टॅक्सी संघटना नुब्रा–पँगाँगकडे जाऊ देत नाहीत. तिथे स्थानिक टॅक्सीचा खर्च वेगळा धरा.

दारचाहून शिंकू ला (५,०९१) आणि पदुममार्गे लेहजवळच्या निमूला निघणारा तिसरा रस्ताही आता जोडला गेला आहे. वाटेतलं झंस्कर खोरं पाहायचं असेल तर तो उतरतानाच घ्यावा, आणि उंच गाडी असेल तरच.