कॅमेऱ्यांचं वेगळं नेटवर्क: साधा स्विच पुरेल की मॅनेज्ड घ्यावा?

घरातल्या सुरक्षा कॅमेऱ्यांचं नेटवर्क इंटरनेटपासून आणि घरच्या बाकी उपकरणांपासून तोडायचं ठरलं की तीन वाटा उरतात: कॅमेरे थेट एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरच्या) पीओई पोर्टांत (एकाच केबलमधून डेटा आणि वीज दोन्ही देणाऱ्या) जोडणं, साधा पीओई स्विच घेणं, किंवा मॅनेज्ड स्विच (ज्याची सेटिंग बदलता येते असा) घेऊन व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं) करणं. आधी एवढं ठरवा: रात्री गेटवरचा कॅमेरा अडकला, तर तो बंद-चालू करायला स्विचपाशी जाऊन केबल उपसायची तयारी आहे, की ते घरातल्या लॅपटॉपवरून व्हायला हवं?

एनव्हीआरचे पोर्ट

यात सगळ्यात कमी कटकट आहे. एनव्हीआर कॅमेऱ्यांना वेगळ्या सबनेटमधले (पत्त्यांच्या गटातले) आयपी देतो, त्यामुळे घरच्या नेटवर्कवरून ते दिसत नाहीत. पण प्रत्येक केबल एनव्हीआरपर्यंत ओढावी लागते, आणि एनव्हीआर बंद पडला की कॅमेऱ्यांची वीजही जाते. मग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावरचं रेकॉर्डिंगसुद्धा थांबतं. चार कॅमेरे असतील आणि पुढे वाढवायचे नसतील, तर स्विचवर वेगळा खर्च करू नका.

साधा पीओई स्विच

कॅमेरे आणि एनव्हीआर एकाच स्विचवर, आणि त्या स्विचची घरच्या राउटरला एकही केबल नाही. एनव्हीआरला दोन लॅन पोर्ट असतील तर दुसरा घरच्या नेटवर्कला जोडा, दोन्हींना वेगवेगळ्या सबनेटचे आयपी द्या आणि डीफॉल्ट गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जाण्याचा पत्ता) फक्त घरच्या बाजूला ठेवा.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, स्विचवरचा छोटा खटका. त्यावर ‘व्हीलॅन’ किंवा ‘आयसोलेट’ असं लिहिलेलं असतं. तो चालू केला की कॅमेऱ्यांचे पोर्ट एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त अपलिंक पोर्टशी (स्विच पुढे जोडायच्या पोर्टशी) बोलतात. ही सोय उत्तम आहे, पण एनव्हीआर अपलिंकऐवजी साध्या पोर्टात लावला असेल तर एकही चित्र येणार नाही. ‘एक्स्टेंड’चा खटका २५० मीटरपर्यंत नेतो खरा, मात्र त्या पोर्टांचा वेग १० एमबीपीएसवर येतो. केबल १०० मीटरच्या आत असेल तर त्याला हात लावू नका.

दुसरी गोष्ट विजेची. ८०२.३एएफ या पीओई मानकाचा पोर्ट १५.४ वॅट देऊ शकतो, पण आठही पोर्टांना एकाच वेळी तेवढी वीज देण्याची ताकद बहुतेक स्वस्त स्विचमध्ये नसते. समजा एकूण क्षमता ६० वॅट आहे आणि आठ कॅमेरे दिवसा प्रत्येकी ५ वॅट घेतात: बेरीज ४०, सगळं नीट. अंधार पडल्यावर इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रत्येकाची गरज ९ वॅट होते, बेरीज ७२. मग कमी प्राधान्याचा पोर्ट, बहुधा शेवटचा, तुटतो, परत जोडला जातो, परत तुटतो. लोक कॅमेरा बदलून पाहतात आणि दोष तसाच राहतो. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याच्या कमाल वॅटची बेरीज करा आणि तिच्यावर २० टक्के राखीव ठेवा.

मॅनेज्ड स्विच

खरा फायदा म्हणजे एका पोर्टची वीज दुरून तोडून परत देता येते, आणि कोणता कॅमेरा किती वॅट घेतोय तेही दिसतं. कॅमेरे दूरच्या खांबांवर किंवा गच्चीवर असतील तर एवढ्यासाठीच आमचा कौल मॅनेज्डला आहे.

घरासाठी व्हीलॅन १० आणि कॅमेऱ्यांसाठी २० धरा. कॅमेऱ्यांचे आणि एनव्हीआरचे पोर्ट २० मध्ये अनटॅग्ड (पॅकेटवर व्हीलॅनचा क्रमांक न लावता), त्यांचा पीव्हीआयडीही (बिनक्रमांकाचं आलेलं पॅकेट ज्या व्हीलॅनमध्ये टाकायचं तो क्रमांक) २०. राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर १० आणि २० दोन्ही टॅग्ड (क्रमांक लावून). पीव्हीआयडी १ वरच राहिला, तर कॅमेऱ्याकडून येणारी पॅकेट व्हीलॅन १ मध्ये जातात आणि कॅमेरा गायब दिसतो. स्विचचा मॅनेजमेंट आयपी व्हीलॅन १० मध्येच ठेवा. गेटवरच्या कॅमेऱ्याची केबल काढून कोणी त्यात लॅपटॉप लावला, तरी स्विचचं लॉगिन पान उघडता कामा नये. काही स्वस्त ‘स्मार्ट’ स्विच ते पान कुठल्याही पोर्टवरून उघडू देतात. तपासणं सोपं आहे: कॅमेऱ्याच्या पोर्टात लॅपटॉप लावा, त्याला स्विचच्या सबनेटमधला स्थिर आयपी द्या आणि पान उघडून पाहा. उघडलं, तर तो स्विच बाहेरच्या कॅमेऱ्यांसाठी नको.

स्विचची राउटरला केबलच नको असेल, तर स्विचच्या सेटिंगपर्यंत पोहोचायला दोन पर्याय आहेत. स्थिर आयपी दिलेला लॅपटॉप जागेवर नेऊन जोडणं सुरक्षित, पण मग दुरून वीज तोडण्याची सोय गेली. दोन नेटवर्क कार्डांचा पीसी सोयीचा. कॅमेऱ्यांच्या बाजूच्या कार्डाला गेटवे देऊ नका आणि दोन्ही कार्डं ब्रिज करू नका (एकच नेटवर्क होईल अशी जोडू नका).

राउटरमधून जाणार असाल, तर व्हीलॅन १० मधून २० कडे परवानगी द्या. २० मधून नव्याने सुरू होणारं सगळं अडवा, फक्त वेळेसाठी राउटरच्या यूडीपी १२३ पोर्टपर्यंत जाऊ द्या. नियम बरोबर असूनही कॅमेऱ्याचं पान उघडत नसेल, तर त्याच्या सेटिंगमधला गेटवे बघा. तो रिकामा असला की उत्तर दुसऱ्या सबनेटला परत जात नाही. गेटवे भरा, नाहीतर राउटरवर त्या बाजूला सोर्स नॅट (पाठवणाऱ्याच्या जागी राउटरचाच पत्ता दाखवणं) लावा.

असं तोडलेल्या नेटवर्कात डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) नसतो, त्यामुळे अनेक स्विच कारखान्यातल्या आयपीवर येतात. एकाच मॉडेलचे दोन स्विच एकदम लावले तर दोघांचाही १९२.१६८.०.१ होऊ शकतो आणि लॉगिन कधी याचं, कधी त्याचं उघडतं. एकेक लावा, आयपी बदला, मग दुसरा जोडा. इंटरनेट नसल्यामुळे वीज जाऊन आली की स्विचचं घड्याळही मागे जाऊ शकतं आणि पीओईचं वेळापत्रक भलत्या वेळी चालतं. वेळेचा सर्व्हर म्हणून राउटरचा किंवा एनव्हीआरचा पत्ता द्या.

क्लाउडवरून चालणारे स्विच इथे टाळा. कंट्रोलर (स्विच सांभाळणारं सॉफ्टवेअर) घरातल्याच मशीनवर चालत असेल तरच विचार करा. फर्मवेअरची (स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरची) फाइल दुसऱ्या मशीनवर उतरवून हाताने चढवावी लागेल. मॅनेजमेंट व्हीलॅन बदलताना लॅपटॉप नव्या व्हीलॅनच्या पोर्टात लावून लॉगिन होतंय याची खात्री करा आणि त्यानंतरच ‘सेव्ह’ दाबा. बऱ्याच स्विचमध्ये सेव्ह न केलेले बदल रीबूटनंतर जातात, म्हणून गडबड झालीच तर प्लग काढून लावला की जुनी सेटिंग परत येते.