ईव्ही व्हॅनचे मागचे शॉकअप बदलले, भोसरीतल्या गॅरेजचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, काम एक नंबर झालंय, पैसे वसूल, पण वेळेच्या बाबतीत मिस्त्रींचा शब्द म्हणजे पावसाळ्यात महापालिकेने खड्डे बुजवायचा दिलेला शब्द, तेवढं मनात धरूनच गाडी लावा.

आमची हिरव्या नंबरप्लेटची, म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी डिलिव्हरी व्हॅन आहे, मागे बंद कंटेनर, माल म्हणजे बेकरीचा, पाव, टोस्ट, खारी, क्रीम रोल. रूट पिंपरी-चिंचवडमधून मोशी आणि पुढे नाशिक हायवेने चाकण, कधी तळेगाव. चाकण-तळेगाव रोड ज्यांनी रोज केलाय त्यांना शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर, गाडीची उसळी जिरवणारे) का गेले हे वेगळं सांगायला नको. कंपन्यांच्या ट्रेलरने रस्त्याला खोबणी पाडलेल्या, त्यात पाणी, आणि खड्डा चुकवावा म्हटलं तर बाजूला दुसरा.

लक्षण पहिल्यांदा मालात दिसलं. खारीच्या ट्रेच्या तळाला चुरा वाढायला लागला, दुकानदार फोटो पाठवायला लागले. मग ड्रायव्हर म्हणाला की स्पीडब्रेकर ओलांडला की मागची बाजू लगेच बसत नाही, वरखाली डुलत राहते, आणि डाव्या बाजूने टक टक येते. डिझेलची गाडी असती तर ही टकटक महिनोन्महिने कळली नसती कारण इंजिनच्या धडधडीत सगळं दबतं, ईव्हीमध्ये मात्र रबर फाटलेलं पण कानाला कळतं. टायरवरून हात फिरवला तर रबराला चढउतार लागत होते, म्हणजे चाक रस्त्याला धड टेकतच नव्हतं, उड्या मारत चाललं होतं.

आता खरी गंमत. दोन-तीन गॅरेज फिरलो, प्रत्येकाने खाली वाकून बॅटरीच्या जोरदार करंटच्या नारंगी वायरी बघितल्या आणि हात वर केले. "करंटचं काम आहे, आम्ही हात नाही लावत." एकाने तर बॅटरी उतरवावी लागेल म्हणून सांगितलं, शॉकअपसाठी! कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आणि गाडी ठेवून जा म्हणे, म्हणजे आमचा धंदा बंद. शेवटी ओळखीच्या टेम्पोवाल्याने भोसरी एमआयडीसीतलं हे कमानपाट्याचं (मागच्या ॲक्सलवर गाडीचं वजन पेलणाऱ्या वाकड्या पोलादी पट्ट्यांचं) गॅरेज सांगितलं. शोरूम वगैरे विसरा, पत्र्याची शेड, बाहेर तुटक्या कमानपाट्यांचा ढीग आणि आत तीन माणसं.

मिस्त्री साठीच्या आसपासचे असतील. मी करंटचं विचारलं तर हसले, म्हणाले, "शेठ, शॉकअपला काय माहीत वर डिझेल बसलंय का बॅटरी? दोन बोल्ट वरचे-खालचे, तेवढंच त्याचं जग. फक्त जॅक कुठं लावायचा ते बघावं लागतं." आणि खरंच, अर्धं ज्ञान इथेच आहे. बॅटरीचा डबा चेसीच्या मधोमध खाली लटकलेला असतो, त्याच्या तळाला जॅक लावला की लाखाचा खेळ. त्यांनी आधी टॉर्च मारून डबा कुठे संपतो, नारंगी वायर कुठून जाते ते बघितलं, मग मागच्या ॲक्सलखाली जॅक लावून गाडी उचलली आणि चेसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्या. त्याआधी चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली, कारण ही गाडी चालू आहे का बंद आवाजावरून कळत नाही, कोणीतरी केबिनमध्ये चढून पेडलला पाय लावला तर संपलं. आणि पुढच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे. हँडब्रेक आहे की, असं मी म्हटलं तर म्हणाले हँडब्रेक मागच्या चाकांना, मागची चाकं हवेत, मग तो धरणार कोणाला.

नवीन पार्ट विकायची घाई त्यांनी केली नाही ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. आधी पाट्यांची पानं बघितली, एखादं चिरलंय का, पाटे ॲक्सलला धरणारे यू बोल्ट ढिले आहेत का, शॅकलचे (पाट्याला चेसीशी जोडणाऱ्या कडीचे) बुश, म्हणजे आतली रबरं, खाल्लेत का. मग शॉकअपवर आले. त्यांचं म्हणणं असं की नळीवर नुसती ओलसर धूळ बसलेली असेल तर घाबरायचं नाही, थोडं तेल रॉडबरोबर बाहेर येतंच, पण तेल ओघळून खालच्या डोळ्यापर्यंत (बोल्ट जातो त्या कडीपर्यंत) आलं असेल तर आतला दम गेला. आमचा डावा अगदी तसाच, खालपर्यंत काळा चिकट ओघळ, शिवाय खालच्या डोळ्यातलं रबर फाटून लोखंडावर लोखंड आपटत होतं, टकटक तिथून. उजवा बऱ्यापैकी कोरडा होता. तरी दोन्ही बदलायचे ठरले, कारण एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली तर वळणावर आणि खड्ड्यात मागची बाजू दोन तऱ्हेने वागते. इथे पैसे वाचवू नका.

पार्टचं सांगतो कारण यात फसवणूक होते. शॉकअप म्हटलं की आपल्याकडे गॅब्रियलचं नाव आधी निघतं, 1961 पासूनची कंपनी, चाकणला आणि नाशिकला प्लांट, म्हणजे माल आपल्याच भागात बनतो. पण नाव कितीही मोठं असू दे, आपल्या मॉडेलचा पार्ट नंबर जुळल्याशिवाय घ्यायचं नाही. बाजारात "डिझेलवाल्याचा बसतो हो" म्हणून गळ्यात मारतात. बसतो खरा, डोळे जुळतात, पण बॅटरीमुळे ईव्हीचं वजन आणि त्याची वाटणी वेगळी असू शकते आणि शॉकअपची आतली सेटिंग त्या वजनाला धरून असते, शिवाय उघडी आणि दाबलेली लांबी कमीजास्त असली तर मोठ्या खड्ड्यात तो आतल्या आत आपटून लवकर मरतो. मिस्त्रींनी चेसी नंबर घेऊन कंपनीच्या पार्टवाल्याकडूनच मागवले, त्यात वेळ गेला. एक बरं की 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्टवर जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय, तर जुन्या दराचं बिल कोणी देत असेल तर विचारा.

डाव्या बाजूचा खालचा बोल्ट गंजून पार एकजीव झाला होता. पोरगा सवयीने गॅसकटर आणायला निघाला, मिस्त्री खेकसलेच त्याच्यावर, "अरे वर बॅटरी आहे, वायरी आहेत, इथे गॅस मारतो का?" मग गंज सोडवायचं तेल मारलं, वायर ब्रशने आटे घासले, परत तेल, मग चहा. चहानंतर रिंग पान्यात लांब पाईप घालून दोघांनी मिळून सोडवला, करकरत आला एकदाचा. आणि हो, गाडी नुसती चेसीवर टांगून शॉकअप काढला तर ॲक्सल खाली झोल खातो आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो, म्हणून ॲक्सलखालचा जॅक शेवटपर्यंत तसाच ठेवला होता.

जुना डावा हातात दिला आणि म्हणाले दाबा. कसला विरोध नाही, सरळ आत गेला आणि आतच राहिला. नवा दाबायला दोन्ही हातांचा जोर लागला. बसवण्याआधी नवा उभा धरून पूर्ण आतबाहेर चार-पाच वेळा खेळवला, गोदामात आडवा पडून आत हवा सरकलेली असते ती वर निघते म्हणे, नाहीतर सुरुवातीला पोकळ चालतो.

आणि आता ते बारीक काम ज्यासाठी मी या गॅरेजला पाच स्टार देतोय. गाडी वर असताना बोल्ट फक्त हाताने आणि थोडा पान्याने धरवले. मग चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवली, मागे दोनदा दाबून बसू दिली, आणि मग खाली सरपटत जाऊन टॉर्क पान्याने शेवटचं आवळलं. कारण बुशमधलं रबर ज्या स्थितीत आवळलं त्या स्थितीत अडकतं. गाडी लटकलेली असताना आवळलं तर खाली उतरल्यावर ते कायम पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मला तर शंका आहे की आमचं आधीचं रबर फाटायला पण हेच कारण असणार, गाडी सेकंडहँड घेतलेली, आधी कोणी काय हात लावला देव जाणे.

फरक? चाकण चौकातून रिकामी गाडी आणली तेव्हाच कळलं, स्पीडब्रेकरनंतर मागची बाजू एकदाच दबते आणि गप्प. टकटक बंद. खारीचा चुरा अगदी शून्य नाही पण दुकानदारांचे फोटो थांबले. पण एक अपेक्षा ठेवू नका, गाडी कारसारखी मऊ होणार नाही. माल पेलतात ते पाटे, शॉकअप नुसती उसळी जिरवतो. पाटे भरलेल्या वजनाला बनवलेले आणि आमचा माल म्हणजे हवा, त्यामुळे गाडी कडकच लागते, त्याला इलाज नाही. टायरचे चढउतार पण तसेच आहेत, त्यांची घुरघुर टायर बदलेपर्यंत राहणार. रेंज वाढते असं एक जण सांगत होता, मला तरी काही दिसलं नाही. आणि मागे अशी सरळ अखंड ॲक्सल असलेल्या गाडीला शॉकअप बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) लागत नाही, कोणी बिलात लावली तर कशासाठी ते विचारा. इथे लावली नाही.

खर्च दोन्ही शॉकअप, बोल्ट आणि मजुरी धरून पाच हजारांच्या आत, पक्कं बिल, जुने पार्ट न मागता परत दिले. थोडं चालवून परत या, बोल्ट तपासतो म्हणाले, आणि गेलो तर खरंच तपासले, पैसे घेतले नाहीत.

आता तक्रारी. दुपारपर्यंत देतो म्हणाले, गाडी मिळाली अंधार पडल्यावर, मधे दुसऱ्याचा ट्रक घुसवला. बसायला जागा नाही, एक तुटकी खुर्ची आहे ती मिस्त्रींची. फोन उचलत नाहीत, उचलला तर ग्राइंडरच्या आवाजात काही ऐकू येत नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपच करा, ते संध्याकाळी बघतात. मजुरीची गॅरंटी तोंडी, बिलावर लिहून मागितली तर "शेठ, पळून चाललोय का" म्हणतात. चार्जिंगची सोय नाही, 15 अँपियरचा एक सॉकेट आहे पण त्यावर कायम वेल्डिंग मशीन लावलेलं असतं, म्हणून परतीपुरतं चार्ज ठेवूनच जा. आणि गुरुवारी जाऊ नका, एमआयडीसीला सुट्टी असते, शटर बंद मिळेल.