भाड्याचा फ्लॅट, गच्चीवर ४०० वॅट: आठ महिन्यांनंतर

२०० वॅटची दोन सोलर पॅनेल सिरीजमध्ये, एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा), १२.८ व्होल्ट १०० अँपियर-अवरची लिथियम बॅटरी. ठिकाण म्हापसा, गच्ची सोसायटीची. ऑगस्टच्या उघडिपीत, भर दुपारी चार्जिंग निम्म्यावर आले. दोष एका एमसी-फोर कनेक्टरचा (पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या नर-मादी जोडाचा) निघाला, आणि हा सगळा लेख खरे तर त्याच्यासाठीच आहे.

पॅनेल मोकळे मोजले तर व्होल्टेज पुरेपूर, लोड आला की कोसळते. पिन साध्या पकडीने चेपलेली, वर नर एका कंपनीचा आणि मादी दुसरीची. ‘टक’ करून बसतात, म्हणून कोणालाच शंका येत नाही. आत मात्र संपर्क ढिला असतो. ०.२ ओहम रोध आणि ८ अँपियर प्रवाह म्हणजे जवळपास १३ वॅट उष्णता एका टाचणीएवढ्या जागेत. प्लास्टिक मऊ पडते, खारी हवा आत शिरते. जोडी एकाच कंपनीची घ्या, पिन क्रिम्पिंग टूलनेच (ती तारेवर घट्ट दाबणाऱ्या खास पकडीने) दाबा, मागचा नट पान्याने आवळा आणि जोड पाणी साचणाऱ्या स्लॅबवर लोळू देऊ नका. उघडताना आधी पॅनेलचा प्रवाह थांबवा, नाहीतर डीसीचा आर्क (न तुटणारी ठिणगी) बसतो. कनेक्टरमध्ये पैसे वाचवणे ही शुद्ध चूक आहे.

छिद्र एकही नाही. प्रत्येक पॅनेलला वजन म्हणून चार चिरे (दगडी ठोकळे), खाली रबर, म्हणजे वॉटरप्रूफिंग शाबूत. नट-बोल्ट स्टेनलेसचे, जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) इथे टिकत नाहीत.

मालकाची तोंडी परवानगी पुरते, हे मत जानेवारीत होते. आता नाही. लीज (भाडेपट्टा) असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम १०८ आधाराला येते: ताबा असेपर्यंत भाडेकरू आपण जोडलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो, जागा होती तशी करून. पण फ्लॅट बहुधा ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर (नुसत्या वापराच्या परवानगीवर) मिळतात. तिथे सुविधाधिकार कायद्याचे कलम ६३ लागते, आणि ते ठेवायला परवानगी दिलेल्या वस्तूच हलवायला वाजवी मुदत देते. तेव्हा करारात लिहून घ्या: ‘४०० वॅटचा सुटा सोलर संच, छिद्र न पाडता, मालकी भाडेकरूची, जाताना तोच नेईल.’ सीरियल नंबर जोडा. गच्चीसाठी सोसायटीचे पत्र वेगळे लागते.

अनुदानाची आशा सोडा. ३ किलोवॅटला ७८,००० देणारी पीएम सूर्यघर योजना स्वतःचे घर असणाऱ्यांसाठी आहे.

दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, राउटर आणि तीन दिवे मिळून दिवसाला सुमारे एक युनिट. उन्हाळ्यात सहज भागते, पावसाळ्यात नाही. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १०-१५ वॅट खातो, म्हणून राउटर थेट बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालवा, मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर घालून. माडाच्या झावळीची सावलीही तपासा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी त्याचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो.

आणि महिन्यातून एकदा, दुपारी, कनेक्टर बाहेरून हाताने चाचपा. शेजारच्या तारेपेक्षा गरम लागला तर त्याच दिवशी बदला.