महापालिकेचा पेव्हर ब्लॉक पदपथ : वस्तू चांगली, बसवणी वाईट, हिशेब त्याहून वाईट

पेव्हर ब्लॉकला वस्तू म्हणून पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. आपल्या महापालिका तो ज्या तऱ्हेने बसवून घेतात त्या कामाला मात्र एकच, आणि तोही अजून नीट टिकलेल्या मोजक्या पदपथांसाठी.

ब्लॉकचा मोठा गुण म्हणजे तो काढता येतो आणि तोच परत लावता येतो. खाली पाण्याची लाइन फुटली किंवा केबल टाकायची असली, तर तेवढ्या पट्ट्यातले ब्लॉक काढायचे, बाजूला रचायचे, काम झालं की भराव दाबून तेच परत बसवायचे. काँक्रीटला ब्रेकर लावावा लागतो, डांबराला ठिगळ उरतं. पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, फायबर असं सगळंच पदपथाखाली कोंबलेल्या शहरात ही सोय फार मोलाची आहे. नेमकी तीच आपण वाया घालवतो. काढलेला ब्लॉक राडारोड्याच्या डंपरमध्ये जातो आणि नव्या निविदेत नवा ब्लॉक येतो. ६० मिमी जाडीचा ब्लॉक चौरस मीटरला साधारण १४० किलो भरतो, म्हणजे ५०० चौरस मीटरचा पदपथ बदलला की ७० टन माल बाहेर पडतो. त्यातला धड किती, फुटका किती, याची मोजणी अंदाजपत्रकातच असायला हवी आणि परत वापरलेल्या मालाची वजावट बिलात दिसायला हवी.

ब्लॉकची प्रत आयएस १५६५८ या भारतीय मानकाने ठरते; एम-३०, एम-३५ हे काँक्रीटच्या ताकदीचे दर्जे, आकडा मोठा तितकी ताकद जास्त. फक्त माणसांनी चालायच्या जागेला एम-३० प्रतीचा ५० मिमी ब्लॉक चालतो, हलक्या वाहतुकीला एम-३५ चा ६० मिमी, मध्यम वाहतुकीला एम-४० चा ८० मिमी. तीन नमुन्यांचं सरासरी पाणीशोषण ६ टक्क्यांच्या आत हवं. घोळ होतो तो सोसायट्यांच्या फाटकांसमोर. तिथून रोज मोटारी आणि पाण्याचे टँकर आत जातात, तरी अंदाजपत्रकात अख्ख्या पदपथाला एकच ब्लॉक धरलेला असतो. मग पहिला खड्डा फाटकासमोरच पडतो. तेवढ्या पट्ट्याला ८० मिमीचा ब्लॉक आणि खाली जाड थर दिला तर एकूण खर्चात फारसा फरक पडत नाही. गाड्या सर्रास पदपथावर चढत असतील, तर ब्लॉक बदलण्याआधी बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे बुटके खांब, लावायला हवेत.

पण ब्लॉक फुटल्यामुळे पदपथ खराब होतो हे फार थोड्या ठिकाणी खरं असतं. बहुतेक वेळा ब्लॉक शाबूत असतो आणि खालची जमीन बसलेली असते. योग्य क्रम असा: जुना भराव काढून तळ रोलरने दाबायचा, त्यावर खडी-मुरमाचा किंवा ओल्या खडीमिश्रणाचा थर देऊन तोही दाबायचा, त्यावर २० ते ४० मिमी जाड स्वच्छ, भरड वाळू एकसारखी ओढून घ्यायची आणि ब्लॉक मांडायचे. मग प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे सपाट पत्र्याने थरथरवत दाबणारं यंत्र, फिरवायचा, दोन ते चार मिमीच्या सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडून भरायची आणि पुन्हा कॉम्पॅक्टर फिरवायचा. सांध्यात वाळू घट्ट बसली तरच एका ब्लॉकवरचा भार शेजारच्यावर जातो. ती नसेल तर प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो.

प्रत्यक्षात वाळूऐवजी क्रशरची डस्ट, म्हणजे खडी फोडताना उरणारी भुकटी, अंथरली जाते. तिच्यात धूळ जास्त, त्यामुळे पाणी निचरत नाही. पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि पाय पडला की तो सांध्यातून वर येतो. ब्लॉकवर पाऊल ठेवताच घाण पाणी उडतं त्याचं कारण हेच. शिवाय तळाची उंचसखल जागा भरून काढायला हीच डस्ट कुठे २० मिमी तर कुठे १०० मिमी टाकली जाते. जिथे जाड थर, तिथे वर्षभरात खळगा. दुसरा दोष कडेचा. कर्ब स्टोन, म्हणजे पदपथाच्या कडेचा दगड, काँक्रीटमध्ये बसवून मागून टेकू दिलेला नसेल तर तो बाहेर कलतो, सांधे उघडतात आणि पूर्ण रांग सरकते. तिसरा दोष खांब आणि चेंबरच्या कडेला दिसतो: ब्लॉकचे बोटभर तुकडे कोंबलेले असतात, आणि ते सर्वांत आधी निखळतात. तिथे तुकड्यांऐवजी काँक्रीट भरावं.

हे सगळं अभियंत्यांना ठाऊक आहे. मग होत का नाही? कारण पैसा जमिनीच्या वरचं मोजून दिला जातो. ब्लॉकचे चौरस मीटर काम संपल्यावरही मोजता येतात. खालच्या थरांची जाडी झाकण्याआधीच मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंदवावी लागते आणि त्यासाठी कनिष्ठ अभियंत्याला त्या दिवशी जागेवर हजर राहावं लागतं. निविदा अंदाजपत्रकापेक्षा २५-३० टक्के खाली गेली, तर ती तूट ब्लॉकमधून काढता येत नाही, कारण ब्लॉक सगळ्यांना दिसतो. ती खालच्या थरांमधून निघते.

पुण्यात यावर आणखी एक थर चढतो, तो महापालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकाचा. नगरसेवकांच्या प्रभागातली छोटी कामं त्यातल्या ‘स’ नावाच्या यादीत येतात आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत वर्गीकरणाचे प्रस्ताव सुरू होतात: एका कामाचा निधी दुसऱ्याकडे. मार्चअखेर खर्ची पडेल असं काम हवं असतं, आणि पेव्हर ब्लॉक त्यात चपखल बसतो. भूसंपादन नको, सल्लागार नको, पंधरवड्यात काम दिसतं, माननीयांच्या नावाचा फलक लागतो. एकदम मागणी वाढली की काँक्रीटला पुरी ताकद यायला लागणारे २८ दिवस न झालेला कच्चा ब्लॉक येण्याचा धोकाही वाढतो. दोष फक्त नगरसेवकांचा म्हणावा तर तेही पुरेसं नाही. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत पुण्या-मुंबईत प्रशासकच कारभार पाहत होते. पद्धत तीच राहिली.

मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं, पुण्याचं १२,६१८ कोटींचं. पैसा नाही हे उत्तर चालणार नाही. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि उंची जास्तीत जास्त १५० मिमी असावी हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये लिहिलेलं आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये स्वतःची रस्ते आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वंही केली आणि जंगली महाराज रस्त्यावर ऐसपैस पदपथ करून दाखवला. म्हणजे जमतं.

आपल्या गल्लीत काम सुरू झालं तर ब्लॉकचा रंग बघू नका. ब्लॉक मांडायच्या आधी जा आणि खालच्या थराला टेप लावून मोबाइलवर फोटो घ्या. वाळू मुठीत धरून सोडा: हाताला पिठासारखी धूळ चिकटून राहिली तर ती डस्ट आहे. प्लेट कॉम्पॅक्टर जागेवर आहे की नुसता लाकडी ठोकळ्याने ब्लॉक ठोकतायत ते पाहा. पाणी रस्त्याकडे वाहील असा दोन-अडीच टक्के उतार आहे का, हे बादलीभर पाणी ओतून कळतं.

काम झाल्यावर माहिती अधिकाराचा अर्ज करा: शुल्क १० रुपये, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. मागायचं ते नेमकं मागा: अंदाजपत्रक, कार्यादेश, एमबीची पानं, ब्लॉकचे चाचणी अहवाल, दोषदायित्व कालावधीची, म्हणजे दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायच्या मुदतीची, शेवटची तारीख. याच जागेवर मागचं पेव्हर ब्लॉकचं काम कधी झालं आणि काढलेल्या ब्लॉकचं काय केलं, हेही विचारा. कायद्याच्या कलम २ (जे) मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचाही हक्क आहे, तो फारसा कुणी वापरत नाही. दोषदायित्वाची तारीख एकदा हाती आली की ती संपायच्या दोन महिने आधी खचलेल्या जागांची यादी फोटोसह क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करायची असते. तारीख उलटली की तोच खळगा नव्या निविदेत जातो.