चांगदेवच्या बोटीवर लिथियम बॅटरी: सव्वा वर्षाचा हिशेब

तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूर धरणाच्या फुगवट्यात, माझी आणि पुतण्याची एक फायबरची बोट चालते. चांगदेवाच्या दर्शनाला आलेली मंडळी आणि हिवाळ्यात पक्षी पाहणारे, हेच आमचं गिऱ्हाईक. पक्षीवाल्यांना पेट्रोल मशीनचा आवाज चालत नाही. चक्रवाक दोनशे मीटरवरूनच उठतात. म्हणून पुढच्या टोकाला 12 व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर बसवली आहे, आणि सगळी कहाणी तिच्यासाठी लागणाऱ्या बॅटरीची आहे.

मी भुसावळला रेल्वेत 31 वर्षं ट्रेन लायटिंगमध्ये काढली. डब्याखालच्या 110 व्होल्टच्या बॅटऱ्यांना पाणी घालत म्हातारा झालो. त्यामुळे बॅटरीतलं आपल्याला कळतं अशी एक घमेंड होती. ती या वर्षात बऱ्यापैकी उतरली.

जुनी मांडणी अशी: 150 अँपियर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) शिशाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या समांतर, छतावर 150 वॉटचं एक पॅनेल आणि पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा साधा चार्ज कंट्रोलर. कागदावर 300, पण शिशाच्या बॅटरीचं आयुष्य टिकवायचं तर निम्म्याच्या खाली उतरायचं नाही, म्हणजे हातात 150. दुसऱ्या हिवाळ्यात सकाळी साडेदहालाच मोटर मंदावायला लागली. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली, नवी घ्या. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला तर सगळे सेल 1.180 च्या आसपास, भरलेली असती तर 1.240 दाखवायला हवं. कागद घेऊन बसलो. हंगामात आठवड्यातून चार दिवस, दिवसाला 90 अँपियर-अवर उपसा, म्हणजे 360. पॅनेल आठवडाभरात परत देणार जेमतेम 250. बॅटरी म्हातारी झालीच होती, पण त्याआधी दोन वर्षं ती उपाशी होती. अर्धवट भरलेल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ते पुढे निघत नाही. नवीन जोडी आणून त्याच पॅनेलला लावली असती तर तीही तशीच मेली असती.

म्हणून बॅटरीसोबत सगळंच बदललं. 3.2 व्होल्टचे, 280 अँपियर-अवरचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल सिरीजमध्ये, 150 अँपियरचा बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की चार्जिंग तोडणारं सर्किट), 335 वॉटची दोन पॅनेलं, 100 व्होल्ट 50 अँपियरचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर) आणि बॅटरीत किती गेलं, किती निघालं ते मोजणारा एक शंट. जुन्या दोन बॅटऱ्या मिळून 110 किलोच्या वर होत्या. नवी पेटी चौकटीसकट 27 किलो. पहिल्या दिवशी बोटीची शेपूट इतकी वर आली की पेट्रोलचे कॅन मागे सरकवावे लागले.

सेल आले ते कमी-जास्त भरलेले. तसेच जोडले, तर एक सेल 3.65 व्होल्टला पोचला की बीएमएस चार्जिंग तोडायचा, आणि बाकीचे तिघे 3.40 वरच. चौघांना समांतर जोडून 3.65 वर दीड दिवस ठेवलं, मग जुळले. त्यानंतर पूर्ण भरून शंट लावून उपसून पाहिलं: 268. विकणाऱ्याने फोनवर ‘टेस्टिंगचा फरक असतो’ म्हणून विषय संपवला. बारा अँपियर-अवर त्याला पचले.

आता दोन पॅनेलं सिरीजमध्ये लावायची की समांतर? पुतण्या म्हणाला, ‘काका, सिरीजमध्ये वायर बारीक चालते.’ बरोबर आहे. पण एका पॅनेलचा मोकळा व्होल्टेज 46, दोघांचा 92, आणि थंडीत तो वाढतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा आठ-नऊवर येतो. तिथे 97 होतो, आणि कंट्रोलरची मर्यादा 100. एवढ्या काठावर मी तरी उभा राहत नाही. समांतर लावली.

वायरीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः फसलो होतो. पेटी मागे, मोटर पुढे, अंतर सहा मीटर, जायची-यायची मिळून बारा मीटर तांबं. आधी 10 चौरस मिलिमीटरची वायर होती. पूर्ण वेगात मोटर 45 अँपियर ओढते, तेव्हा वायरीतच एक व्होल्ट जात होता. बॅटरीवर मोजलं की 12.4, मोटरच्या टोकाला 11.4. दोन वर्षं बॅटरीला शिव्या घातल्या त्यातल्या निम्म्या वायरीच्या होत्या. आता 25 ची कलई केलेली वायर, टोकाचे लग दाबयंत्राने दाबलेले, आणि पेटीच्या तोंडाशीच 125 अँपियरचा एचआरसी फ्यूज, म्हणजे मोठा शॉर्टही सुरक्षित तोडणारा. लिथियमची पेटी शॉर्ट झाली तर हजारो अँपियर सोडते. साधा एमसीबी तिथे वितळून चिकटू शकतो.

सगळ्यात मोठी चूक चार्जिंगच्या दुसऱ्या रस्त्यात झाली. मागचं आउटबोर्ड पेट्रोल मशीन चालताना फुकट चार्जिंग मिळेल म्हणून एका बॅटरीवरून दुसरी भरणारा 20 अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर नऊ हजाराला घेतला. मशीनची कॉईल मात्र 11 अँपियरच्या वर देत नाही. उरलेलं कुठून येणार? मशीन सुरू करायच्या स्टार्टर बॅटरीतून. त्यात पुतण्याने चार्जरची चालू-बंदची वायर चावीनंतर घ्यायच्या ऐवजी थेट बॅटरीवरून घेतलेली, म्हणजे मशीन बंद तरी हा उपसा चालूच. एका रविवारी काठापासून अडीच किलोमीटरवर, बोटीत सात माणसं, त्यातल्या दोन आजी, आणि चावी फिरवली तर नुसतं ‘टक’. दोरी ओढून ओढून पुतण्याचा खांदा भरून आला. आमचा म्हातारा नावाडी शांतपणे म्हणाला, ‘काय भो, एवढे पैसे टाकून वल्हं विसरलेच ना.’ शेवटी पुढची इलेक्ट्रिक मोटर टाकली आणि पाऊण तासात काठ गाठला. पेटीतले जेमतेम 25 अँपियर-अवर गेले. दुसऱ्या दिवशी तो चार्जर काढला. आता उलटं केलंय: मोठ्या पेटीतूनच एक छोटा पाच अँपियरचा चार्जर स्टार्टर बॅटरीला भरतो. ती शिशाचीच ठेवली आहे. आमच्यासारख्या कमी पल्ल्याच्या बोटीत मशीनच्या चार्जिंगवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. वल्हं आता कायम असतं.

उन्हाळा आला आणि खरी परीक्षा झाली. लिथियमच्या माहितीत शून्याखाली चार्ज करू नका असं ठळक लिहिलेलं असतं. भुसावळवाल्याने ते वाचून हसायचं. एप्रिलमध्ये दुपारी एकला भर उन्हात चार्जिंग शून्य. पाहतो तर सेलचं तापमान 52, आणि बीएमएसला मी 50 ची मर्यादा दिलेली. पेटी मागच्या बाकाखाली, वर पत्र्याचं झाकण. भट्टीच ती. मग ती बोटीच्या मध्यावर, अगदी तळाशी आणली, जिथे फायबरच्या पलीकडे नदीचं पाणी आहे. खाली दोन इंची लाकडी पट्ट्या, वरून थर्माकोल. बाहेर 45 असताना आत 37-38. कंट्रोलरमध्ये कमाल व्होल्टेज 14.6 ऐवजी 14.0 केला, फ्लोट (भरल्यावर टिकवायचा व्होल्टेज) 13.4, आणि शिशासाठीचं इक्वलायझेशन (सेल सारखे करायला दिलेला जादा व्होल्टेज) आणि तापमान-भरपाई (तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणं) दोन्ही बंद. हे शेवटचं विसरू नका, इक्वलायझेशनला 15 व्होल्टच्या वर जातं.

पॅनेलांनीही मेमध्ये हात आखडता घेतला. सूर्य बरोबर डोक्यावर, पॅनेल आडवी, म्हणजे 46-47 अँपियर यायला हवेत. 38 च्या वर काटा गेला नाही. पॅनेलची पाठ 70 अंश तापलेली, आणि 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वॉट कमी होतात. उरलेलं धुळीने खाल्लं.

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की बोट वर ओढून ठेवतो. पेटी 58 टक्क्यांवर ठेवून ताडपत्री टाकली, पण बीएमएस आणि शंट बंद करायचे राहिले. शंभर दिवसांनी 41 टक्के. नुकसान काही नाही, पण यंदा मुख्य स्विच पाडूनच ठेवणार.

एक सवय मोडावी लागली: व्होल्टमीटरकडे पाहणं. 80 टक्के असो की 40, काटा 13.2 च्या आसपासच. शंट नसता तर आंधळा कारभार होता.

खर्च: सेल 34,000, बीएमएस 8,500, एमपीपीटी 11,000, पॅनेलं 16,000, वायर-लग-फ्यूज-शंट 13,000. एकूण 82,500, वर तो नऊ हजारांचा मूर्खपणा. ज्यांची बोट महिन्यातून दोनदा निघते त्यांनी शिशाचीच ठेवावी, फक्त पॅनेल वाढवावं आणि वायर जाड करावी.

गेल्या आठवड्यात पुन्हा उपसून मोजलं, 265 भरले. सकाळी सहाला निघून साडेअकराला परत आलो, थापट्यांचा थवा तीस मीटरवर बसलेला पाहिला, आणि शंटवर 57 टक्के शिल्लक होते. एप्रिलच्या आत छताला पांढरा रंग मारायचा राहिलाय. पुतण्याला दोनदा सांगून झालं, त्याचा खांदा अजून दुखतोय म्हणे.