पीएलसीचा आउटपुट मोकळा आहे का? कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये कसं ओळखाल

दसरा झाला की धरणगाव, चोपडा, शहादा पट्ट्यातल्या जिनिंगमध्ये मशिनींची झाडपूस सुरू होते. कापसाच्या गाड्या लागायच्या आत मालकाला काहीतरी एक नवीन हवंच असतं. कुठे जादा ब्लोअर, कुठे सरकीच्या स्क्रू कन्व्हेयरला अलार्म. पॅनेलमध्ये जागा असते, वायरमन तयार असतो, फक्त पीएलसीचा, म्हणजे मशिनी चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरचा, कोणता आउटपुट घ्यायचा ते ठरलेलं नसतं. मग लॅपटॉप उघडतो आणि शोध सुरू होतो. हा शोध प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळा आहे, आणि त्याच्या उत्तरावर किती विसंबायचं हेही वेगळं आहे. आपल्याकडच्या पॅनेलमध्ये सापडणाऱ्या चार कंपन्यांची मी इथे तुलना करतो आहे: मित्सुबिशी, सीमेन्स, ॲलन-ब्रॅडली आणि डेल्टा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ‘आउटपुट वापरात आहे’ याचे तीन अर्थ होतात. प्रोग्रॅम त्या ॲड्रेसवर लिहितो, म्हणजे कॉइल आहे. प्रोग्रॅम तो ॲड्रेस वाचतो, म्हणजे त्याचा कॉन्टॅक्ट दुसऱ्या रंगमध्ये (लॅडर या शिडीसारख्या प्रोग्रॅमच्या एका ओळीत) इंटरलॉक, म्हणजे अट, म्हणून लावलेला आहे. किंवा पॅनेलमध्ये त्या टर्मिनलला वायर आहे. यातला एकच तपासून ‘मोकळा आहे’ म्हणणारे मी खूप पाहिले, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही तेच करायचो. मधला अर्थ सगळ्यात जास्त सुटतो. कॉइल नाही पण कॉन्टॅक्ट आहे, असा आउटपुट तुम्ही घेतलात तर इतकी वर्षं झोपलेली रंग अचानक जागी होते, आणि भलतीच मोटर सुरू किंवा बंद होते.

सॉफ्टवेअरमध्ये यासाठी दोन हत्यारं असतात. क्रॉस रेफरन्स एका ॲड्रेसची कुंडली सांगतो: कुठे लिहिला, कुठे वाचला. वापराचा नकाशा सगळे बिट, म्हणजे एकेक चालू-बंद ॲड्रेस, ओळीने मांडतो, भरलेले आणि रिकामे. मोकळा आउटपुट शोधताना आधी नकाशा बघावा आणि त्यातून निवडलेल्या एका बिटाचा क्रॉस रेफरन्स काढावा. उलट क्रमाने गेलात तर एकेक ॲड्रेस टाइप करत दिवस जातो.

नकाशात सीमेन्स पुढे आहे, हे माझं स्पष्ट मत. टीआयए पोर्टल या त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम ब्लॉक्सवर राइट क्लिक करून असाइनमेंट लिस्ट उघडा. प्रत्येक बाइटची एक ओळ आणि आठ बिटांचे आठ रकाने दिसतात. बिट थेट वापरला असेल तर एक खूण, आणि तो बाइट किंवा वर्ड म्हणून आख्खा उचलला असेल तर वेगळी खूण. ही दुसरी खूण सोन्यासारखी आहे, कारण कुणी क्यूबी १ वर (सीमेन्समध्ये क्यू म्हणजे आउटपुट, क्यूबी म्हणजे आठ आउटपुटचा बाइट) एका मूव्ह इन्स्ट्रक्शनने आठही बिट लिहिले असतील, तर क्यू १.४ नाव घेऊन शोधल्यावर काहीच सापडत नाही. क्रॉस रेफरन्समध्येही ओव्हरलॅपिंग ॲक्सेस दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालूच ठेवावा. जुन्या सिमॅटिक मॅनेजरमध्ये हेच काम रेफरन्स डेटा करतो. एस ७-३०० या जुन्या मालिकेचे पॅनेल अजून भरपूर चालू आहेत, म्हणून तेही लक्षात ठेवा.

सीमेन्सचा आणखी एक फायदा: एचएमआय, म्हणजे ऑपरेटरचं टच पॅनेल, त्याच प्रोजेक्टमध्ये असेल तर टीआयएचा क्रॉस रेफरन्स स्क्रीनवरचा वापरही दाखवतो. बाकीच्यांकडे टच पॅनेलचं सॉफ्टवेअर बहुधा वेगळं असतं आणि तिथे वेगळं बघावं लागतं. पण सीमेन्समध्येही एक खड्डा आहे. एस ७-१२०० मध्ये पल्स जनरेटर चालू केला, तर क्यू ०.० आणि क्यू ०.१ सारखे आउटपुट हार्डवेअर कॉन्फिगरेशनमधूनच अडकतात. त्यांचा ॲड्रेस प्रोग्रॅममध्ये कुठेच लिहिलेला नसतो. स्टेपर किंवा सर्व्हो असलेल्या मशिनीत आधी डिव्हाइस कॉन्फिगरेशन उघडा.

मित्सुबिशीच्या एफएक्स मालिकेवर माझं काम सगळ्यात जास्त झालं. जीएक्स वर्क्स-२ मध्ये डिव्हाइस लिस्ट आहे. वाय ० पासून खाली यादी (इथे वाय म्हणजे आउटपुट), कॉन्टॅक्ट म्हणून वापर आणि कॉइल म्हणून वापर वेगवेगळ्या रकान्यात. मघाचे पहिले दोन अर्थ इथे एका नजरेत कळतात, आणि नवीन मुलाला शिकवायला मला हीच यादी सगळ्यात सोपी वाटते. फक्त वाय ऑक्टल आहे, म्हणजे त्यात ८ आणि ९ हे अंकच नाहीत, हे आधी सांगावं लागतं: वाय ७ नंतर थेट वाय १० येतो. वाय ८ आणि वाय ९ मोकळे नसतात, ते नसतातच.

मित्सुबिशीत धोका आहे तो के वापरून लिहिण्याच्या पद्धतीचा. ‘मूव्ह डी १०० के २ वाय १०’ अशी एक ओळ डी १०० मधला आकडा वाय १० ते वाय १७ अशा आठ आउटपुटवर लिहिते (के २ म्हणजे चार-चार बिटांचे दोन गट). के ४ असेल तर सोळा. ओळीत लिहिलेला ॲड्रेस मात्र फक्त वाय १०. वाय १४ चं नाव तिथे कुठेही नाही. झेडआरएसटी ही इन्स्ट्रक्शन एका ओळीत सगळी रांग रिसेट करते. आणि वाय ० झेड ० असा इंडेक्स लावला असेल, तर कोणता आउटपुट लागेल ते चालत्या मशिनीतल्या आकड्यावर ठरतं, यादीला ते कळणं शक्यच नाही. म्हणून एफएक्समध्ये यादी रिकामी दिसली तरी मी के, झेडआरएसटी, बीमूव्ह, एफमूव्ह आणि इंडेक्स रजिस्टर हे शब्द शोधल्याशिवाय पुढे जात नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

डेल्टाची डीव्हीपी मालिका याच वळणाची: तसाच ऑक्टल वाय, तशीच के पद्धत, तसंच झेडआरएसटी, फक्त इंडेक्स रजिस्टर ई आणि एफ नावाची. त्यामुळे वर सांगितलेला शोध जसाच्या तसा करा. त्यात एक भर: डीव्हीपीचा वाय ० मॉडबसवर (उपकरणांच्या आपसातल्या संवादाची पद्धत) ०५०० हेक्स या ॲड्रेसला असतो आणि बाहेरून थेट लिहिता येतो. दाल मिलमध्ये किंवा पाइपच्या कारखान्यात कुणी आरएस-४८५ या दोन वायरींच्या लाइनवर स्काडा, म्हणजे कॉम्प्युटरवरून देखरेख करणारं सॉफ्टवेअर, जोडला असेल, तर आउटपुट कॉम्प्युटरवरून चालू होतो आणि लॅडरमध्ये त्याचा मागमूस नसतो. डेल्टाच्या पॅनेलमध्ये ४८५ ची जोडी दिसली की ती कुठे जाते ते बघितल्याशिवाय मी कुठल्याच वायला मोकळा म्हणत नाही.

ॲलन-ब्रॅडलीत दोन वेगळी जगं आहेत. मायक्रोलॉजिक्स आणि एसएलसी ५०० ला आरएसलॉजिक्स ५००: डेटा फाइल उघडा, युसेज बटण दाबा, बिटांचा नकाशा समोर येतो. साधं आणि पुरेसं. कंट्रोललॉजिक्स, कॉम्पॅक्टलॉजिक्सचं स्टुडिओ ५००० टॅगवर चालतं, आणि तिथे सवय बदलावी लागते. आउटपुटचं खरं नाव ‘लोकल २ ओ डेटा ५’ अशा धर्तीचं, पण प्रोग्रॅममध्ये त्याचं टोपणनाव, म्हणजे एलियस टॅग, फिरत असतो. क्रॉस रेफरन्समध्ये बेस टॅगचा रकाना आहे, तिकडे लक्ष ठेवा. त्याच्या शेजारचा डिस्ट्रक्टिव्ह नावाचा रकाना मला फार आवडतो. तिथे ‘वाय’ (येस, मित्सुबिशीचा वाय नव्हे) असेल तर ती इन्स्ट्रक्शन टॅगवर लिहिते, ‘एन’ (नो) असेल तर नुसती वाचते. दोन ठिकाणी ‘वाय’ दिसला तर थांबा, कारण दोन कॉइल एकमेकांवर लिहीत आहेत आणि बहुधा स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका फेरीत, शेवटी येणारी जिंकते आहे.

आता उलटी चूक. यादी कधीकधी वापर नसताना वापर दाखवते. सीमेन्समध्ये एखादा ब्लॉक लिहिलेला असतो पण कुणी कॉलच करत नाही. ॲलन-ब्रॅडलीत रुटीन असतं पण त्याला बोलावणारी जेएसआर इन्स्ट्रक्शन नसते. एफएक्समध्ये एफईएनडीच्या, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या शेवटाच्या, पुढे कुठूनही न बोलावलेली सबरुटीन पडलेली असते. सीमेन्सचं कॉल स्ट्रक्चर हे लगेच दाखवतं. तरी असा आउटपुट हिसकावून घेऊ नका. तो ब्लॉक कुणीतरी एखाद्या मोठ्या दुरुस्तीसाठी ठेवलेला असू शकतो. विचारा, मग ठरवा.

बरेच जण सॉफ्टवेअर न उघडता पीएलसीच्या तोंडावरचे एलईडी बघत बसतात. एका जिनिंगमधल्या प्रेसच्या ऑपरेटरने मला असंच छातीठोकपणे सांगितलं होतं, “भाऊ, हाऊ दिवा एक डाव बी पेटना नही.” आठ दिवस त्याने खरंच लक्ष ठेवलं होतं. डिव्हाइस लिस्टमध्येही वाय १४ समोर काही नव्हतं, म्हणून मी वायर सोडायला स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. वायरमनने मात्र टर्मिनलवरून वायर मागे काढत नेली, तर ती एका रिलेतून जाऊन शेडच्या दुसऱ्या टोकाच्या भोंग्याला लागलेली. आगीचा भोंगा. त्याला लिहिणारी ओळ के २ वाय १० वाली होती आणि मी के शोधलाच नव्हता. कापसाच्या ढिगाशेजारी तो भोंगा मुका झाला असता, आणि ते कळलं असतं नेमकं त्याच दिवशी ज्या दिवशी कळून उपयोग नाही. अलार्म, इमर्जन्सी, ओव्हरलोड ट्रिप यांचे आउटपुट वर्षभर पेटत नाहीत आणि तसंच असायला हवं. म्हणून दिवे बघणं हा पुरावा मी धरतच नाही. ऑनलाइन मॉनिटरिंगलाही हेच लागू.

फोर्सचं, म्हणजे प्रोग्रॅमला डावलून सॉफ्टवेअरमधून बिट जबरदस्तीने चालू-बंद ठेवण्याचं, थोडक्यात: फोर्स टेबल एकदा उघडून बघाच. एस ७-१२०० मध्ये फोर्स वीज गेल्यावरही टिकतो, आणि क्रॉस रेफरन्समध्ये तो नसतो.

आणि हे सगळं कोणत्या प्रोग्रॅमवर करता आहात? लॅपटॉपमधली फाइल चार वर्षांपूर्वीची असेल तर तिचा नकाशाही तेवढाच जुना. आधी पीएलसीमधून अपलोड करा, नाहीतर ऑनलाइन तुलना करा. एस ७-१२०० मधून कॉमेंटसह सगळं परत मिळतं. एस ७-३०० मधून बहुतेक वेळा नावं येत नाहीत, नुसते ॲड्रेस येतात, म्हणून तिथे मूळ प्रोजेक्ट मिळवायला फोन फिरवणं परवडतं.

मग निवड कशी करायची? पॅनेल आधीच बसलेलं असेल तर सॉफ्टवेअर तुमच्या हातात नाही, विश्वास किती ठेवायचा ते आहे. टीआयएमध्ये बिट, बाइट, एचएमआय सगळं एका प्रोजेक्टमध्ये असेल, पुट-गेटची (दुसऱ्या उपकरणाने बाहेरून वाचण्या-लिहिण्याची) परवानगी बंद असेल आणि पोकसारखी, ॲड्रेस आकड्याने ठरवून लिहिणारी, इन्स्ट्रक्शन नसेल, तर असाइनमेंट लिस्ट आणि एकदा वायर बघणं पुरे. स्टुडिओ ५००० मध्ये क्रॉस रेफरन्सवर तेवढाच भरवसा ठेवा, पण इंडेक्स लावलेले बिट हाताने शोधा. एफएक्स आणि डेल्टात यादीला अर्धंच उत्तर माना. के, इंडेक्स, टच पॅनेल आणि ४८५ या चार जागा बघून झाल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका. नवं पॅनेल घेत असाल तर फक्त या कारणासाठी महाग पीएलसी घ्या असं मी म्हणणार नाही. पण मशिनीत दरवर्षी काही ना काही वाढवायची सवय असेल, तर सीमेन्सचा नकाशा वर्षानुवर्षं वेळ वाचवतो.

मोकळा सापडला तरी एक बघायचं राहतं, ते म्हणजे कॉमन. रिले आउटपुटच्या पीएलसीत काही आउटपुट मिळून एक कॉमन, म्हणजे सप्लायचं सामायिक टर्मिनल, असतो. शेजारचे आउटपुट २३० व्होल्ट एसीचे कॉन्टॅक्टर ओढत असतील आणि तुम्हाला २४ व्होल्ट डीसीचा सोलेनॉइड हवा असेल, तर तो मोकळा आउटपुट तुमच्या कामाचा नाही. मध्ये रिले घाला किंवा दुसऱ्या गटातला शोधा.

त्या जिनिंगमध्ये शेवटी आम्ही मोकळा आउटपुट शोधायचाच सोडला. एफएक्स ३ यू च्या ३२ पॉइंटवाल्या पीएलसीला आठ रिले आउटपुटचं एक्स्टेन्शन लावलं आणि नव्या ब्लोअरला वाय २० दिला. वाय १४ च्या वायरीला नवीन फेरूल (नंबरचं टोपण) चढवलं, लॅडरमध्ये त्याला ‘आगीचा भोंगा, के २ वाय १० मधून’ अशी कॉमेंट टाकली, आणि हेच वाक्य तारखेसह पॅनेलच्या दाराच्या आतल्या ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहिलं.