स्क्वॅलीनच्या इमल्शनसाठी दुहेरी पडद्याची ०.२ मायक्रॉन कॅप्सूल: पाचपैकी चार

लोटे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये लशीच्या ॲडज्युव्हंटसाठी (लशीचा परिणाम वाढवणारा घटक) स्क्वॅलीन या तेलाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक थेंब, छोट्या बॅचमध्ये बनतं, प्राण्यांवरच्या चाचण्यांपुरतं. बनवणं एकवेळ सोपं. शेवटी ते निर्जंतुक करायला गाळायचं असतं आणि घोडं तिथे पेंड खातं. पूर्वी आम्ही पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या एकेरी पडद्याचा फिल्टर वापरायचो. आता पीईएस या दुसऱ्या प्लास्टिकची, दुहेरी पडद्याची कॅप्सूल (डबीत बंद फिल्टर) वापरतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धाटणीची कॅप्सूल एकाहून जास्त कंपन्या बनवतात आणि माझं मत त्या धाटणीबद्दल आहे.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. साधं सलाईन असतं तर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) ढकलून मोकळे झालो असतो. इथे १२१ अंशांना थेंब वेगळे ठेवणारं पॉलिसॉर्बेट ८० पाण्यातून अंग काढून घेतं, थेंब एकमेकांत मिसळायला लागतात आणि वर तवंग येतो. म्हणून गाळणं आलं. १९९७ साली इटलीत फ्लूच्या लशीबरोबर मान्यता मिळालेल्या एमएफ५९ या स्क्वॅलीनच्याच ॲडज्युव्हंटमध्ये थेंब साधारण १६० नॅनोमीटरचे असतात. आमचेही त्याच घरातले. फिल्टर ०.२ मायक्रॉनचा, म्हणजे २०० नॅनोमीटरचा. म्हणजे जंतू अडवायचे, पण तेलाला सोडायचं, आणि दोघांतलं अंतर इतकंसं.

त्यात पुन्हा ०.२ हा आकडा भोक मोजून दिलेला नसतो. ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा नावाचा बारीक जंतू पडद्यावर चौरस सेंटिमीटरला किमान १ कोटी या हिशेबाने सोडतात. पलीकडे एकही उतरता कामा नये. माहितीपत्रकातला हा निकाल मात्र पाण्यासारख्या द्रवातला असतो. पॉलिसॉर्बेट मध्ये आलं की जंतू पडद्याला चिकटून राहण्याचं प्रमाण घटतं, त्यामुळे आपल्याच मालात ही चाचणी करून खात्री (व्हॅलिडेशन) करून घ्यावी लागते. विक्रेत्याला हे विचारलं तर तो माहितीपत्रकाचं तेच पान पुन्हा पाठवतो.

आता कॅप्सूलकडे. वरचा पडदा जाड भोकांचा, खालचा ०.२ चा. मोठे थेंब वरच अडकतात आणि खालचा पडदा मोकळा राहतो, असा हिशेब. आधी त्याच पडद्याच्या ४७ मिलिमीटरच्या चकतीवर तपासलं: दाब कायम ठेवायचा, बीकर तराजूवर ठेवायचा आणि मिनिटा-मिनिटाला वजन लिहायचं. वेळ भागिले आकारमान ही संख्या वेळेसमोर मांडली की सरळ रेघ येते. तिच्या चढाचा व्यस्त म्हणजे तो पडदा चोंदेपर्यंत एकूण किती माल देईल त्याचा अंदाज. पीव्हीडीएफची रेघ खडी चढत गेली. पहिल्या मिनिटाला धार, मग थेंब थेंब, मग नुसतं बघत बसायचं. दुहेरी पीईएसची रेघ जवळजवळ आडवी.

पण सगळं श्रेय कॅप्सूलला देऊ नका. हाय प्रेशर होमोजिनायझरमधून (जोरदार दाबाने थेंब बारीक करणारं यंत्र) तीन वेळा काढलेला आणि पाच वेळा काढलेला माल आम्ही मुद्दाम शेजारी शेजारी गाळून पाहिला. डीएलएसवर, म्हणजे प्रकाशाच्या विखुरण्यावरून थेंबांचा आकार मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्हींची सरासरी जवळपास सारखी, कुणी म्हणेल काय फरक पडतो? तीनवाल्याने हीच महागडी कॅप्सूल चोंदवली. मायक्रॉनच्या वरचे मोजके थेंब डीएलएसच्या सरासरीत दिसत नाहीत. ते पकडायला एकेक थेंब मोजणारं यंत्र लागतं. तिथे तीनवाल्याचं मोठ्या थेंबांचं शेपूट लांबलचक निघालं. नवा फिल्टर मागवण्याआधी हे शेपूट बघून घ्या, बरेच पैसे वाचतील.

आमचे प्रॉडक्शनचे काका पहिल्यांदा बाटली बघून म्हणाले, "मॅडम, सोलकढीसाठी नारळाचं दूध काढलंत काय?" रंग तोच. फक्त नारळाचं दूध दुपारपर्यंत वर साय धरतं आणि हे फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांना महिनोन्‌महिने तसंच राहतं. स्क्वॅलीन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे लहान थेंबांतलं तेल झिरपून मोठ्यांकडे जात नाही. फक्त गोठू द्यायचं नाही. त्याच काकांना स्क्वॅलीन शार्कच्या यकृतातून काढतात हे कळल्यावर त्यांनी मोरीच्या मटणाची आठवण काढली. तो शार्क खोल समुद्रातला हो, बाजारातली मोरी नव्हे. आणि आमचं तेल उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून, त्यापासून पुढे बनवलेलं आहे.

वापरताना: दाब २ बारच्या आत ठेवा. थेंब मऊ असतात, जोर लावला की चेपून घुसतात आणि पलीकडे एकमेकांत मिसळलेले निघू शकतात. दाबासाठी नायट्रोजनच घ्या. स्क्वॅलीनच्या रेणूत सहा दुहेरी बंध, हवेतल्या ऑक्सिजनला आयतं आमंत्रण. सुरुवातीचा थोडा माल टाकून द्या, त्यात पडदा भिजवलेलं पाणी असतं. आमच्याकडे गाळण्याआधी आणि नंतर एचपीएलसीवर (घटकाचं प्रमाण मोजणारं यंत्र) स्क्वॅलीन सारखंच आलं, म्हणजे पडद्याने तेल गिळलं नाही. या एका गोष्टीसाठी मी कॅप्सूलला पूर्ण गुण देते.

एक गुण कापलाय तो इंटिग्रिटी टेस्टसाठी, म्हणजे पडदा फाटलेला नाही ना हे बघणाऱ्या चाचणीसाठी. सर्टिफिकेटवर बबल पॉइंट (ओल्या पडद्यातून हवेचे बुडबुडे निघायला लागतात तो दाब) ३.२ बार, पाण्याने भिजवून काढलेला. इमल्शन गेल्यावर पडद्यावर पॉलिसॉर्बेट चिकटून राहतं, पृष्ठताण उतरतो आणि चांगली धडधाकट कॅप्सूल टेस्टरवर फेल दाखवते. पाण्याने कितीही धुवा, आकडा पूर्ण वर येत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणाने भिजवून घेतलं की निकाल स्थिर येतो, मात्र त्यासाठी वेगळी मर्यादा लागते आणि ती माहितीपत्रकात छापलेली नाही. इतक्या किमतीच्या वस्तूबरोबर ती छापायला काय हरकत होती?

विक्रेत्याच्या सेवेला मात्र दोनच गुण. पार्सल मुंबईहून हायवेने येतं, आमच्या गेटसमोरून पुढे जातं, परशुराम घाट उतरून चिपळूणच्या गोदामात पडतं आणि मग घाट चढून परत लोट्याला. पावसात घाट बंद झाला की कॅप्सूल खाली, आम्ही वर. लोट्याला उतरवा म्हटलं तर "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही मॅडम." जून ते सप्टेंबरचा साठा मे महिन्यातच मागवा, एकाच लॉटचा मागवा, आणि अल्कोहोलच्या मिश्रणावरची बबल पॉइंटची मर्यादा लेखी मिळाल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.